‘येवार’ : एक नियमित स्पॅनिश क्रियापद पुरते शिकण्यासाठी

स्पॅनिश शिकायला सुरुवात केलेल्या माणसाच्या हाती लवकरच क्रियापदांचे तक्ते पडतात आणि तो ते निष्ठेने पाठही करतो. मात्र दुकानात किंवा टॅक्सीत बसल्यावर एक साधे वाक्य तोंडातून निघत नाही. याचे कारण बहुधा असे असते की दहा क्रियापदांचा एकेक अर्थ पाठ झालेला असतो, पण त्यांतल्या एकाचाही रोजच्या बोलण्यातला वावर माहीत नसतो. म्हणून या लेखात ‘येवार’ हे एकच क्रियापद घेतले आहे. त्याचा पहिला अर्थ ‘नेणे’ असा असून ते पूर्णपणे नियमित आहे, म्हणजे त्याची रूपे कुठेही वाकडी जात नाहीत. शिवाय प्रवास, जेवण, कपडे आणि काळाची मोजणी या चारही ठिकाणी ते लागते, त्यामुळे त्यावर केलेली मेहनत वाया जात नाही.

पहिली पायरी : उच्चार आणि शब्दकोशातली जागा

रोमन लिपीत हा शब्द एल, एल, ई, व्ही, ए, आर असा लिहितात. सुरुवातीच्या जोड ‘एल’चा उच्चार स्पेनच्या बहुतेक भागात आणि लॅटिन अमेरिकेत ‘य’च्या जवळचा होतो. ब्युनोस आयरेस आणि मॉन्टेव्हिडिओकडचे लोक मात्र त्याच जागी ‘श’ म्हणतात, आणि अँडीज पर्वतातल्या काही भागांत जुना ‘ल्य’ टिकून आहे. नवशिक्याने ‘य’ धरावा, कारण तो सर्वत्र समजतो. ‘व्ही’ आणि ‘बी’ या अक्षरांच्या उच्चारात स्पॅनिश भाषा फरक करत नाही. दोन स्वरांच्या मध्ये आल्यावर त्यांचा उच्चार ओठ पुरते न मिटता होतो आणि आपल्या ‘व’ने तो बऱ्यापैकी साधतो. ‘त’ आणि ‘द’ हे वर्ण तर मराठीप्रमाणेच दंत्य आहेत, ही मराठी माणसाची मोठीच सोय आहे.

जोर कुठे द्यायचा, याकडे पहिल्या दिवसापासून लक्ष द्यावे. शब्दाच्या शेवटी स्वर, ‘न’ किंवा ‘स’ असेल तर जोर शेवटून दुसऱ्या अवयवावर (म्हणजे उच्चाराच्या तुकड्यावर) पडतो, एरवी शेवटच्यावर. आणि हा नियम जिथे मोडतो तिथे स्वराच्या डोक्यावर तिरकी रेघ लिहितात. या लेखात क्रियापदाच्या रूपांत अशी रेघ असेल तिथे त्या स्वरापुढे ‘ऽ’ हे चिन्ह दिले आहे. ‘येवो’ म्हणजे ‘मी नेतो’ आणि ‘येवोऽ’ म्हणजे ‘त्याने नेले’, इतका फरक केवळ जोरामुळे पडतो, तेव्हा हे चिन्ह शोभेचे समजू नये.

जुन्या बाजारातून शब्दकोश घेतला असेल तर हा शब्द ‘एल’ या अक्षराखाली सापडणार नाही. पूर्वी स्पॅनिशमध्ये जोड ‘एल’ हे स्वतंत्र अक्षर मानत आणि त्याचा शब्दकोशात वेगळा विभाग असे. 1994 मध्ये स्पॅनिश भाषेच्या अकादम्यांच्या संघाने शब्दक्रमातला हा वेगळेपणा काढून टाकला. त्याआधीच्या कोशात ‘एल’चे सगळे शब्द संपल्यानंतर पुढे पाहावे.

गोव्यात ज्यांच्या घरात पोर्तुगीज आहे, त्यांना हे क्रियापद ‘लेवार’ या रूपात ओळखीचे असेल. दोन्ही शब्द ‘उचलणे’ या अर्थाच्या लॅटिन ‘लेवारे’पासून आले आहेत. जुन्या स्पॅनिशमध्येही ते ‘लेवार’च होते, आणि गंमत म्हणजे तेव्हा ते नियमित नव्हते: जोर पडला की धातूतला ‘ए’ फुटून ‘इए’ होई आणि ‘लिएवा’ असे रूप बने. त्या रूपातूनच पुढे ‘ये’ आला, तो सगळ्या रूपांत पसरला आणि क्रियापद सरळ झाले.

दुसरी पायरी : वर्तमानकाळ

शेवटचा ‘आर’ काढला की ‘येव्’ हा धातू उरतो. त्याला पुढीलप्रमाणे प्रत्यय लागतात.

यो येवो – मी नेतो, नेते
तू येवास – तू नेतोस, नेतेस
एल, एया, उस्तेद येवा – तो नेतो, ती नेते, आपण नेता
नोसोत्रोस येवामोस – आम्ही नेतो
वोसोत्रोस येवाऽइस – तुम्ही नेता (जवळच्या अनेकांना)
एयोस, एयास, उस्तेदेस येवान – ते, त्या नेतात. आपण सर्व नेता

स्पॅनिश क्रियापदाला लिंग नाही, त्यामुळे ‘नेतो’ आणि ‘नेते’ या दोन्हींसाठी ‘येवो’ हे एकच रूप चालते. उलट मराठीत ‘मी नेतो’ आणि ‘तो नेतो’ यांचे क्रियापद एकच असते, तर स्पॅनिशमध्ये ‘येवो’ आणि ‘येवा’ वेगळे आहेत. म्हणूनच तिथे सर्वनाम सहसा गाळतात आणि प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला ‘यो’ म्हणत राहिले तर ‘मी, मी’ असा अनावश्यक सूर लागतो. वरचा तक्ता पाठ करताना सर्वनामे म्हणावीत, वाक्य बोलताना सोडून द्यावीत.

‘तू’ हे सर्वनाम अर्थाने आणि उच्चाराने मराठीतल्या ‘तू’सारखेच आहे. आदरार्थी ‘उस्तेद’ला तृतीयपुरुषी रूप का लागते, हा प्रश्न वर्गात नेहमी विचारला जातो. ‘उस्तेद’ हा शब्द ‘वुएस्त्रा मेर्सेद’, म्हणजे साधारण ‘आपली कृपा’, या संबोधनाचा झिजलेला अवशेष आहे. ‘महाराजांनी आसनस्थ व्हावे’ असे म्हणताना आपणही समोरच्या माणसाबद्दल तृतीयपुरुषातच बोलतो. ‘वोसोत्रोस’ फक्त स्पेनमध्ये रोजच्या वापरात आहे, लॅटिन अमेरिकेत सर्वांना ‘उस्तेदेस’च म्हणतात. अर्जेंटिनात ‘तू’च्या जागी ‘वोस’ येतो आणि त्याचे रूप शेवटी जोर देऊन ‘येवाऽस’ असे होते. तिकडे जायचे नसेल तर हे रूप कानांना ओळखू आले तरी पुरे.

तिसरी पायरी : ‘नेणे’ आणि ‘आणणे’

मराठीत ‘नेणे’ आणि ‘आणणे’ असा भेद असल्यामुळे ‘येवार’ आणि ‘त्राएर’ ही जोडी आपल्याला फुकट मिळाली, असे वाटते. बहुतेक वेळा ते खरेही असते. ‘येवो एल लिब्रो आ ला एस्कुएला’ म्हणजे ‘मी पुस्तक शाळेत नेतो’. मात्र एका ठिकाणी मराठीची सवय हमखास पाय अडकवते. कोणी जेवायला बोलावले की आपण फोनवर विचारतो, ‘येताना काही आणू का?’ या प्रश्नात आपण यजमानाच्या घरात उभे राहून बोलतो. स्पॅनिश माणूस मात्र स्वतः जिथे आहे तिथूनच बोलतो आणि विचारतो, ‘येवो आल्गो?’, शब्दशः ‘काही नेऊ का?’ तो वस्तू स्वतःपासून दूर नेणार आहे, म्हणून ‘येवार’. यजमान मात्र त्याला ‘त्राए उन पोस्त्रे’, म्हणजे ‘काही गोड आण’, असे सांगेल, कारण वस्तू यजमानाकडे येणार आहे. हाच न्याय ‘येणे-जाणे’लाही लागतो: स्वयंपाकघरातून हाक आली की आपण ‘आलो!’ म्हणतो, स्पॅनिशमध्ये ‘या वोय!’, म्हणजे ‘जातोच’, असे उत्तर देतात. यावर पाच-सहा वाक्ये स्वतः रचून मोठ्याने म्हणावीत, कारण चूक समजण्यात होत नाही, जिभेच्या सवयीत होते.

माणसाला नेताना मराठी वाक्यात ‘ला’ येतो: ‘पुस्तक शाळेत नेतो’, पण ‘मुलीला शाळेत नेतो’. स्पॅनिशमध्येही नेमके हेच घडते. ‘येवो आ मि इखा आ ला एस्कुएला’ या वाक्यातला पहिला ‘आ’ हा मुलीसाठीचा ‘ला’ आहे आणि दुसरा ‘शाळेत’ मधल्या प्रत्ययाचे काम करतो. इंग्रजीच्या वाटेने स्पॅनिश शिकणाऱ्यांना हा पहिला ‘आ’ फार छळतो. मराठीतून विचार केला तर तो आपोआप येतो, तेव्हा इंग्रजी पाठ्यपुस्तक वापरत असाल तरी या नियमापुरते ते मिटून ठेवावे. कोणाला गाडीने पोहोचवायचे असेल तर आपण ‘सोडतो’ म्हणतो, स्पॅनिशमध्ये मात्र तिथेही ‘येवार’च येते: ‘ते येवो आ ला एस्तासिओन’, मी तुला स्टेशनवर सोडतो. रस्ताही माणसाला नेतो: ‘एस्ता काये येवा आ ला प्लासा’, हा रस्ता चौकात जातो.

चौथी पायरी : खाण्याच्या ठिकाणी

स्पॅनिश बोलणाऱ्या कोणत्याही देशात उतरल्यावर या क्रियापदाचा पहिला उपयोग बहुधा खाण्याच्या ठिकाणी होतो. कॉफी मागितली की पलीकडून प्रश्न येतो, ‘पारा तोमार आकी ओ पारा येवार?’, म्हणजे इथे घेणार की बरोबर नेणार? आपण ज्याला ‘पार्सल’ म्हणतो त्यासाठी ‘पारा येवार, पोर फावोर’ एवढे उत्तर पुरते. इथे क्रियापदाचे मूळ रूपच वापरले जाते, रूप चालवण्याची गरजच नाही, त्यामुळे अगदी पहिल्या दिवशीही हे वाक्य बोलता येते.

त्याहून महत्त्वाचा उपयोग शाकाहारी माणसाला होतो. एखाद्या पदार्थात काय घातले आहे, हे सांगताना स्पॅनिशमध्ये ‘पदार्थ अमुक नेतो’ अशी रचना करतात. ‘के येवा एस्ते प्लातो?’ म्हणजे या पदार्थात काय काय असते? ‘येवा उएवो?’ म्हणजे यात अंडे असते का? स्पेनमध्ये ‘येवा कार्ने?’, म्हणजे ‘मांस आहे का?’, एवढ्यावर थांबणे धोक्याचे आहे, कारण ‘कार्ने’ या शब्दाने अनेकांच्या डोळ्यांसमोर फक्त लाल मांसाचे तुकडे येतात. खामोन, म्हणजे खारवून सुकवलेले डुकराचे मांस, आणि मासे त्यात धरलेच जातील असे नाही. म्हणून एकेक नाव घेऊन विचारावे: ‘येवा खामोन? येवा आतून?’ हा आतून म्हणजे ट्यूना मासा, आणि ‘एन्सालादा मिस्ता’ या निरुपद्रवी नावाच्या कोशिंबिरीत तो स्पेनमध्ये सर्रास असतो. स्पेनमधल्या ‘तोर्तिया’त अंडी आणि बटाटे असतात, मेक्सिकोत त्याच नावाची मक्याची भाकरी मिळते, पण तिच्यासोबतच्या घेवड्यात डुकराची चरबी असू शकते, म्हणून तिथला प्रश्न ‘लोस फ्रिखोलेस येवान मान्तेका?’ असा. कर्ता अनेकवचनी असल्यामुळे इथे ‘येवा’चे ‘येवान’ झाले आहे. एखादी गोष्ट नको असेल तर तिच्या नावाआधी ‘सिन’, म्हणजे ‘शिवाय’, लावावे: ‘सिन आतून, पोर फावोर’.

पाचवी पायरी : अंगावर काय आहे

मराठीत सदरा घालतात, साडी नेसतात, चष्मा लावतात, फेटा बांधतात आणि दाढी राखतात. स्पॅनिशमध्ये या सगळ्यांसाठी ‘येवार’ चालते: ‘येवा गाफास’ (चष्मा लावतो), ‘येवा उना कामिसा ब्लान्का’ (पांढरा सदरा घातला आहे), ‘येवा बार्बा’ (दाढी ठेवली आहे). अट एवढीच की ती वस्तू अंगावर असायला हवी. अंगावर चढवण्याची क्रिया सांगायची तर ‘पोनेर्से’ हे वेगळे क्रियापद लागते. गर्दीत कोणाची ओळख पटवून देताना ही वाक्ये फार कामी येतात.

सहावी पायरी : किती दिवस झाले?

हा उपयोग वर्गात बराच उशिरा शिकवतात, आणि माझ्या मते तो फार आधी शिकवायला हवा, कारण नव्या ओळखीत विचारला जाणारा एक ठरलेला प्रश्न याच रचनेत असतो: ‘कुआन्तो तिएम्पो येवास आकी?’, म्हणजे तुला इथे येऊन किती दिवस झाले? उत्तरात ‘येवो’ आणि त्यापुढे कालावधी एवढेच घालायचे: ‘येवो दोस आन्योस एन माद्रिद’, मला माद्रिदमध्ये दोन वर्षे झाली. कृती सांगायची असेल तर पुढे तिचे ‘आन्दो’ किंवा ‘इएन्दो’ प्रत्ययाचे रूप येते: ‘येवो त्रेस मेसेस एस्तुदिआन्दो एस्पान्योल’, मी तीन महिने स्पॅनिश शिकतो आहे. नकारार्थी वाक्यात ‘सिन’ आणि मूळ रूप वापरतात: ‘येवो उना सेमाना सिन दोर्मिर बिएन’, आठवडाभर मला नीट झोप नाही.

इथे दोन गोष्टी सांभाळाव्यात. मराठीत ‘मला दोन वर्षे झाली’ या वाक्याचा कर्ता ‘वर्षे’ असतो, म्हणून क्रियापद अनेकवचनी होते. स्पॅनिशमध्ये कर्ता बोलणारा माणूस असल्यामुळे वर्षे कितीही झाली तरी ‘येवो’च राहते. दुसरे असे की ही रचना भूतकाळात न्यायची झाल्यास फक्त ‘येवाबा’ हे अपूर्ण भूतकाळाचे रूप चालते: ‘कुआन्दो येगोऽ एल आउतोबुस, येवाऽबामोस उना ओरा एस्पेरान्दो’, बस आली तेव्हा आम्ही तासभर वाट पाहत होतो. त्या जागी साधा भूतकाळ घातला की वाक्य मोडते.

सातवी पायरी : दोन भूतकाळ

वर ‘येवाबा’ आलेच आहे, तेव्हा भूतकाळाकडे वळू. घडून संपलेल्या घटनेसाठी रूपे अशी होतात: येवेऽ, येवास्ते, येवोऽ, येवामोस, येवास्तेइस, येवारोन. सवयीसाठी किंवा चालू असलेल्या स्थितीसाठी: येवाबा, येवाबास, येवाबा, येवाऽबामोस, येवाबाइस, येवाबान. ‘नेले’ आणि ‘नेत असे’ हा फरक मराठीतही असल्यामुळे कोणता भूतकाळ कधी वापरायचा, हे समजायला आपल्याला वेळ लागत नाही. ‘आयेर येवेऽ आ मि माद्रे आल मेदिको’ म्हणजे काल मी आईला डॉक्टरकडे नेले. ‘दे निन्यो येवाबा उनिफोर्मे’ म्हणजे लहानपणी मी गणवेश घालत असे. (बोलणारी स्त्री असेल तर ‘दे निन्या’.)

अडचण वेगळ्याच ठिकाणी येते. मराठीत भूतकाळ आला की सकर्मक क्रियापद कर्माच्या मागे जाते: मी डबा नेला, मी पिशवी नेली, मी पुस्तक नेले, आणि नेणारा बदलला तरी, ‘मी नेला’ असो की ‘त्याने नेला’, क्रियापद तसेच राहते. स्पॅनिशमध्ये याच्या बरोबर उलट होते. डबा, पिशवी, पुस्तक काहीही असो, मी नेले तर ‘येवेऽ’ आणि त्याने नेले तर ‘येवोऽ’. भूतकाळातले वाक्य जुळवताना मन नकळत कर्माचे लिंग शोधू लागते, कर्त्याकडे दुर्लक्ष होते आणि ‘येवेऽ’च्या जागी ‘येवोऽ’ बोलले जाते. यावर उपाय म्हणजे सरावात कर्म तेच ठेवून कर्ता बदलत जावा: मी, तू, ती, आम्ही, ते. ‘आम्ही’चे रूप वर्तमानकाळात आणि संपलेल्या घटनेच्या भूतकाळात ‘येवामोस’ असेच आहे, त्यामुळे ‘आज’ की ‘काल’ हे वाक्यातल्या इतर शब्दांवरून ओळखावे लागते. पूर्ण काळात (‘ए येवादो’, मी नेले आहे) मात्र ‘येवादो’ कशानेही बदलत नाही, तेवढीच विश्रांती.

भविष्यकाळासाठी सुरुवातीला ‘वोय आ येवार’, म्हणजे ‘मी नेणार आहे’, एवढी रचना पुरेशी आहे. त्याचे स्वतंत्र रूप ‘येवारेऽ’ वाचताना ओळखता आले की झाले.

आठवी पायरी : विनंती, आणि दुकानातले ‘घेतो’

आज्ञार्थात ‘तू’ला ‘येवा’ आणि ‘उस्तेद’ला ‘येवे’ असे रूप येते. ‘मला’ या अर्थाचा ‘मे’ आज्ञार्थी रूपाला मागून चिकटतो, म्हणून टॅक्सीचालकाला ‘येऽवेमे आल आएरोपुएर्तो, पोर फावोर’ असे सांगावे. ज्यांना हे रूप ऐन वेळी सुचणार नाही, त्यांनी वर्तमानकाळात प्रश्न विचारावा: ‘मे येवा आल आएरोपुएर्तो?’, मला विमानतळावर सोडाल का? तो तितकाच सभ्य आहे, आणि त्यात नवे काही शिकावे लागत नाही. नकारात ‘तू’चे रूप बदलते: ‘नो येवेस एसो’, ते नेऊ नकोस.

‘येवार’ला ‘से’ जोडला की ‘येवार्से’ होते आणि ‘स्वतःबरोबर घेऊन जाणे’ असा अर्थ येतो. दुकानात वस्तू पसंत पडली की ‘मे लो येवो’ म्हणावे, आपल्या ‘हे घेतो मी’सारखे, वस्तू स्त्रीलिंगी असेल, उदाहरणार्थ कामिसा, तर ‘मे ला येवो’. दोन माणसांचे पटते की नाही, हेही याच क्रियापदाने सांगतात: ‘मे येवो बिएन कोन मि वेसिना’, माझे शेजारणीशी चांगले पटते. स्पॅनिश शाळेतली मुले बेरीज करताना सात आणि आठ पंधरा म्हणतात आणि पुढे ‘मे येवो उना’ पुटपुटतात. तो आपला हातचा एक.

सरावासाठी रोज तक्ता लिहून काढण्यापेक्षा स्वतःच्या दिवसातली खरी वाक्ये करावीत: आज डब्यात काय नेले, अंगावर काय आहे, या नोकरीत किती वर्षे झाली, भाजीत काय काय पडते. रूपाबद्दल शंका आली तर शाही स्पॅनिश अकादमीचा शब्दकोश महाजालावर विनामूल्य पाहता येतो आणि त्यात प्रत्येक क्रियापदाची सर्व रूपे दिलेली असतात. ‘येगार’ (पोहोचणे), ‘येनार’ (भरणे) आणि ‘यामार’ (हाक मारणे, फोन करणे) ही क्रियापदेही जोड ‘एल’नेच सुरू होतात आणि घाईत एकमेकांच्या जागी बसतात, विशेषतः ‘येगो’ आणि ‘येवो’. ती एकत्र पाठ न करता काही दिवसांच्या अंतराने घ्यावीत.

यानंतर ‘तोमार’ (घेणे, पिणे), ‘कोम्प्रार’ (विकत घेणे) आणि ‘त्राबाखार’ (काम करणे) ही क्रियापदे याच प्रत्ययांनी चालवून पाहावीत. ‘आर’ने संपणाऱ्यांचा गट स्पॅनिशमध्ये सर्वांत मोठा आहे आणि नवी क्रियापदेही बहुतेक याच गटात दाखल होतात. ‘येगार’च्या भूतकाळात ‘मी’च्या रूपाचे रोमन लेखन थोडे बदलते, ‘जी’पुढे ‘यू’ घालावा लागतो, पण उच्चार नियमाप्रमाणेच ‘येगेऽ’ राहतो. ‘येवार’ची जोडीदार ‘त्राएर’ मात्र अनियमित आहे, ‘मी आणतो’ला ‘त्राइगो’ आणि ‘मी आणले’ला ‘त्राखे’. तिला हात घालण्याआधी वरचे दोन्ही भूतकाळ न अडखळता येऊ द्यावेत.